परसदारी : दोन छाटण्या

“परसात द्राक्षाची वेल लावली आहे, मांडवभर पसरली आहे, पाने तळहाताहून मोठी आहेत, परंतु घड म्हणून दृष्टीस पडत नाही,” अशा आशयाची पत्रे ह्या सदराकडे अधूनमधून येत असतात. ह्या खेपेस धुळ्याच्या एका भगिनींनी त्यास आणखी एक पुस्ती जोडली आहे. त्यांचे जामात परदेशी एका थंड डोंगराळ मुलुखात असतात. तेथे सहा महिने बर्फ असूनही त्यांच्या घरामागील वेलीस घड लागतात आणि आमच्या खानदेशात बारा महिने ऊन असून लागत नाहीत, हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल आहे. सवाल मार्मिक आहे. त्याचे उत्तर देण्यास आम्ही अधिकारी आहो की नाही, हे मात्र पुढील हकीकत वाचून वाचकांनीच ठरवावे.

आमच्या जळगावच्या घरी विहिरीलगत एक द्राक्षवेल आहे. आमचे कैलासवासी थोरले बंधू नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी नाशिककडील एका स्नेह्याच्या बागेतून ती आणली. थॉमसन जातीची, बिनबियांची, आणि रानद्राक्षाच्या मुळावर कलम केलेली. आम्ही त्या काळी धुळ्यास शाळेत होतो. सुटीत येत असू. पांझरेकाठच्या पौषातल्या हाडे गोठविणाऱ्या सकाळी सोसून घरी यावे, तो दादा परसात कात्री घेऊन उभे. तिसऱ्या वर्षापासून वेल धरू लागली. शिवरात्रीच्या सुमारास घरातील पंधरा माणसांस आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांस पुरून उरतील एवढे घड होत. केळ्यांच्या ह्या जिल्ह्यात परसातली द्राक्षे म्हणजे एक नवलच होते, आणि दादांस त्या नवलाचा थोडा अभिमानही होता.

पाच वर्षांपूर्वी वैशाखात दादा गेले. त्यानंतर वेलीस घड आले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “लावणारा गेला, वेल रुसली. आता तिला कोणी हात लावू नका.” आणि त्यांनी कात्री फडताळात ठेवून दिली. घरातील थोर स्त्रीचा शब्द. तो मोडावयाचा कोणी? चार वर्षे वेल वाटेल तशी वाढली. विहिरीच्या रहाटावर गेली, न्हाणीच्या कौलांवर चढली, पावसाळ्यात पानांवर करपा आला, दिवाळीनंतर भुरीने ती पांढरी पडली. एखाददुसरा आंबट घड आला तो पाखरांनी नेला. पुढे धाकट्या मंडळींत मोटारीसाठी पत्र्याचा निवारा करण्याची बोलणी सुरू झाली, आणि त्या निवाऱ्यास विहिरीलगतचीच जागा सोयीची, असे सर्वांचे मत पडू लागले. वहिनींसमोर हे कोणी बोलत नसे, एवढेच.

वहिनींचे थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, सतलजेवरील एका जलविद्युत प्रकल्पावर अभियंता आहेत आणि हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात, रिकांग पिओ येथे, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर त्यांचे बिऱ्हाड आहे. तेथे सफरचंदे, जरदाळू आणि चिलगोजे होतात हे बहुतेकांस ठाऊक असते. पण सतलजेच्या खोऱ्यात रिब्बा नावाचे गाव आहे, ते द्राक्षांकरिता प्रसिद्ध आहे. त्या द्राक्षांपासून अंगूरी नामक पेय काढतात. त्याविषयी पुतण्याने अधिक लिहिले नाही आणि आम्हीही विचारले नाही. असो. त्याच्या घरामागेही एक वेल आहे, आणि गेल्या वर्षीच्या माघात त्याने तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर आईस पाठविले. चहूकडे गुडघाभर बर्फ, दगडी भिंत, आणि भिंतीस टेकलेले एक काळे, वेडेवाकडे, नागवे खोड. वर दोन-चार काटक्या. “आज छाटली” एवढेच खाली लिहिलेले. वहिनींनी ते पाहिले आणि त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष लागले नाही. “ह्याने तिथली वेल मारून टाकली,” एवढेच त्या म्हणाल्या.

भाद्रपदात दुसरे छायाचित्र आले. तीच भिंत, तेच खोड, आणि मांडवाखाली इतके घड की पाने दिसू नयेत. वहिनींनी ते चित्र बोटांनी मोठे करून करून पाहिले. मग आम्हांस विचारले, “भाऊजी, एवढे कापूनही?”

तेव्हा आम्ही जे त्यांस सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने सांगतो.

द्राक्ष ही मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. संस्कृत वाङ्मयात तिचा पत्ता शोधू गेल्यास तो बहुधा वायव्येसच सापडतो. पाणिनीने कापिशी नगरीवरून शब्द साधण्याचे एक सूत्रच दिले आहे आणि टीकाकार त्याचे उदाहरण म्हणून तेथील द्राक्षाच देतात. ही कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक श्रमपरिहार करतात ते पारसीकांच्या द्राक्षमळ्यांत. आणि बाराव्या शतकातील कल्हण आपल्या काश्मीरची थोरवी गाताना द्राक्षे आणि हिमासारखे थंड पाणी ह्यांचा एका दमात उल्लेख करतो. कवीने ती जोडी सहज घातली असेल. बागवानास मात्र तीत कार्यकारणभाव दिसतो.

तो असा. डोंगराळ मुलुखात दिवस लहान होऊ लागले की वेल आवराआवर करू लागते. हिरव्या कोवळ्या फांद्या तपकिरी होऊन काष्ठरूप होतात, पानांतला साठा खोडात आणि मुळांत उतरतो, पाने गळतात, आणि वेल झोपी जाते. ह्या निद्रेत ती शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंतची थंडी सोसते. त्याहूनही कडक मुलुखांत, उदाहरणार्थ चीनमधील तुर्फान येथे, शेतकरी हिवाळ्यात वेली मातीखाली पुरून ठेवतात. काही आठवडे पुरेशी थंडी अंगावरून गेली म्हणजे डोळ्यांची झोप पुरी होते, आणि वसंतात ऊब येताच सगळे डोळे एकदम फुटतात. त्यांतून घड. पुतण्याने छाटणी केली ती ह्या झोपेत. तेव्हा कात्री चालली तर वेलीस कळतही नाही. तीच कात्री तो वसंतात, रस चढू लागल्यावर चालविता, तर प्रत्येक कापातून पाण्याची धार लागती. तेथे भय असते ते निराळेच: डोळे फुटल्यावर अवचित पडणाऱ्या उशिराच्या दहिवराचे. म्हणून वेल दक्षिणेकडील दगडी भिंतीस लावावयाची. दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब परत देते. आमच्याकडे तीच भिंत वेलीस भाजून काढील.

आता खानदेश. आमच्याकडेही थंडी पडते, आणि पौषात कधीकधी पारा पाच-सहा अंशांवर येतो. नाशिककडे निफाडास तर त्याहूनही खाली उतरतो आणि बागाईतदार रात्री मळ्यात शेकोट्या पेटवून बसतात. पण ही थंडी चार रात्रींची. दुपारी पुन्हा ऊन. वेलीस झोप लागेल असा हिवाळा येथे नाही. कोणी म्हणतील, आमचे तोरणमाळ आहे की! आहे, साडेतीन हजार फुटांवर आहे, हवा उत्तम आहे, पण बर्फ तेथेही नाही. झोप न मिळालेली वेल काय करते? ती टोकाकडे वाढत राहते. शेंड्याचा डोळा मागच्या सगळ्या डोळ्यांस दाबून धरतो. मांडव भरतो, पाने माजतात, आणि घड येत नाहीत. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा येतात असे लिहून ठेवले आहे. दख्खनची वेल मुळी झोपतच नाही, हेच त्या परदेशी प्रवाशाने निराळ्या शब्दांत नोंदविले, असे आम्हांस वाटते.

म्हणून जे काम तेथे हिम करते ते येथे माणसाच्या हातातील लोखंडास करावे लागते, आणि तेही दोनदा. चैत्रात खरड छाटणी: सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर आखूड करून टाकावयाच्या. त्यांतून नव्या काड्या येतात, आणि छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा अंकुर ठरतो. ठरतो म्हणजे दिसत नाही. डोळा बंदच असतो. पण आत निर्णय झालेला असतो की ह्यातून घड यावयाचा की नुसता वेढा घालणारा तणावा. ह्या दिवसांत स्वच्छ ऊन हवे, नत्राचे खत आणि पाणी बेताचे हवे. एवढ्याकरिता गुढीपाडवा ते रामनवमी हा काळ आम्हांस परसबागेसाठी सर्वांत चांगला वाटतो. म्हणजे मृगाचे ढग येण्याच्या आधी काम आटोपते. पुढे पावसाळाभर काड्या पक्व होऊ द्यावयाच्या आणि दसऱ्यानंतर दुसरी, गोडी छाटणी करावयाची. हिच्यापासून सुमारे चार महिन्यांनी द्राक्षे पिकतात.

गोडी छाटणीतच खरी मेख आहे, आणि येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

थॉमसन जातीत काडीच्या बुडाजवळचे पहिले दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. घड असतो तो वरच्या, पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या डोळ्यांत. म्हणून गोडी छाटणीत प्रत्येक पक्व काडीवर सहा ते आठ डोळे राखावे लागतात. दादा तसे राखीत. दादा गेले त्या वर्षी दसऱ्यानंतर छाटणी कोणी करावयाची हा प्रश्न आला, तेव्हा आम्ही पुढे झालो. आम्हांस गुलाब छाटण्याचा तीस वर्षांचा सराव. धुळ्याच्या बिऱ्हाडी आमच्या गुलाबांची वाखाणणी होत असे. गुलाब छाटणारास द्राक्ष ते काय, असे मनात आणून आम्ही सगळ्या काड्या दोन-दोन डोळ्यांवर आणल्या. काम सुबक दिसले. महिन्याने वेल हिरवीगार झाली आणि तिच्यावर एकही घड नव्हता. चूक कोठे झाली हे आम्हांस पुढे दोन वर्षांनी, एका माहितगार बागाईतदाराशी बोलताना कळले. तोवर वहिनींनी “वेल रुसली” असे म्हणून कात्री काढून घेतली होती, आणि आम्ही गप्प बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या वहीत तांबड्या शाईने चुका दाखविलेल्या माणसास स्वतःची चूक एका शोकाकुल स्त्रीपुढे कबूल करवली नाही. वेलीवरचा दोष दादांच्या मृत्यूवर जाऊ दिला, हे आमच्या मनास लागून राहिले होते. वहिनी हे सदर वाचतात, पहिल्या ओळीपासून वाचतात, हे ठाऊक असूनच आम्ही हे लिहीत आहो.

पुन्हा वेलीकडे वळू. ते भाद्रपदातले चित्र पाहिल्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. पण ह्या वर्षी फाल्गुनाच्या अखेरीस पुतणे पंधरा दिवसांच्या रजेवर आले, तेव्हा त्यांनी आपण होऊन फडताळ उघडले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खरड छाटणी झाली. चार वर्षांचे जाळे. दोन हातगाड्या भरून काड्या निघाल्या. कापांतून पाणी ठिबकू लागले तशा वहिनी आत गेल्या. आम्ही त्यांस सांगितले की, हे रडणे नव्हे. मूळ जागे असल्याची ती खूण आहे, आठ-दहा दिवसांत थांबेल. ते थांबले. पुढे चैत्र-वैशाखाचे जळगावी ऊन, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसावर! कोवळे फुटवे करपू नयेत म्हणून खोडास भिजवलेले तरट गुंडाळले आणि पश्चिमेच्या बाजूस हिरवी जाळी बांधली. पाणी ठिबकनळीने रोज थोडे. काळ्या जमिनीत वेलीच्या पायाशी पाणी तुंबू देता कामा नये, हे परसबागवाल्यांनी विशेषेकरून लक्षात ठेवावे. मोटारीच्या निवाऱ्याची बोलणी तूर्त थांबली आहेत.

पावसाळ्यातील रोगांस आमचा जुनाच उपाय आहे, बोर्डो मिश्रण. त्याची जन्मकथा गमतीची आहे. १८८२ च्या सुमारास फ्रान्सातील बोर्डो प्रांतात मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञास असे आढळले की, सगळे मळे केवडा रोगाने झडले असता रस्त्याकाठच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या किळसवाण्या दिसतील असे केले होते. १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून प्रसिद्ध केले. घरच्या एका वेलीस शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी पुरे. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावी. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात चाकूचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी आहे, आणखी घालावा. त्याच दिवशी फवारावे. शिळे ठेवू नये.

धुळ्याच्या त्याच भगिनींनी थंड मुलुखातील फुलांविषयीही विचारले आहे. त्याबाबत आमच्या घरी घडलेला प्रकार सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या वर्षीच्या आश्विनात पुतण्याने सफरचंदांच्या पेटीतून ट्यूलिपचे नऊ कंद पाठविले. ह्या फुलाच्या कंदांस दहाबारा आठवडे थंडी दिल्याशिवाय दांडा वर येत नाही. म्हणून सूनबाईंनी ते कागदी पिशवीत घालून शीतकपाटाच्या खालच्या खणात, त्या सफरचंदांशेजारीच, ठेवून दिले. चौथ्या दिवशी वहिनींनी खण उघडला. आमच्या घरी कांदेनवमीस कांद्याचा जो निरोप घेतात तो चातुर्मास सरल्यावरच परत येतो. पिशवीत नऊ कांदे! सूनबाईंस हाक गेली. हे फूल आहे, हे पटवून देण्यास अर्धा तास लागला, आणि पटल्यावरही “मग कांद्यासारखे दिसते कशाला?” हा प्रश्न उरलाच. बरे झाले की ते फोडणीस पडले नाहीत. हे कंद पोटास बाधतात. पौषात ते कुंडीत लावले. नवांपैकी चार फुलले, तेही वितीएवढ्या दांड्यावर, आणि जळगावच्या माघातल्या दुपारी तीन दिवसांत गळून गेले. बाकीच्या पाचांचे कळे आतल्या आत सुकले, त्यास सफरचंदांचा शेजार कारण झाला असावा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो कंदातील कळीस घातक असतो. ज्या वाचकांस हौस असेल त्यांनी कंद निराळे ठेवावे. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, धरणगावास जन्मलेल्या बालकवींच्या ह्या खानदेशात हिवाळ्यास कुंद आणि शेवंती असता ही उठाठेव कशाला? शेवंतीस थंडी लागत नाही, नुसती लांब रात्र लागते, आणि ती आमच्याकडे विनामूल्य आहे. एक मात्र ध्यानात ठेवावे: शेवंतीच्या कुंडीवर रात्री अंगणातल्या दिव्याचा उजेड पडत असेल तर ती कळी धरावयाची नाही.

येथवरचा मजकूर आम्ही खंडेनवमीच्या आदल्या रात्री लिहून पुरा केला. मग विचार केला की, छापून आल्यावर वाचण्यापेक्षा वहिनींनी तो आमच्या तोंडूनच ऐकावा हे बरे. ओसरीवर बसून वाचून दाखविला. कबुलीच्या जागी आमचा आवाज थोडा अडखळला. वहिनींनी वाती वळता वळता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊजी, मला ठाऊक होते. मी ओट्यावरून पाहत होते. ह्यांनी कधी एवढे कापले नव्हते. पण म्हटले, तुम्ही मास्तर. तुम्हांला ठाऊक असेल.”

“मग वेल रुसली असे का म्हणालात?”

“काय म्हणायला हवे होते? पोरांदेखत?” आणि थोड्या वेळाने, “आणि मलाही तेव्हा तिला कुणाचा हात लागावासा वाटेना.”

दुसऱ्या दिवशी कात्रीस तेल लावून, हळदकुंकू वाहून ती इतर हत्यारांबरोबर पूजेत ठेवली. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी गोडी छाटणी झाली. कात्री आमच्या हाती होती. वहिनी मांडवाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक काडीवरचे डोळे मोठ्याने मोजीत होत्या. सातव्याच्या वर, “हं, इथे.” एकेचाळीस काड्या झाल्या. आज अकरावा दिवस आहे. शेंड्याकडचे डोळे फुगून कापसासारखे झाले आहेत, दोनतीन ठिकाणी गुलाबी टोके दिसतात. घड आहे की तणावा, हे चारपाच पाने उलगडल्यावर कळेल, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. जे दिसेल ते पुढील अंकी कळवू.